काकूंची किंकाळी

काकूंच्या न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नव्हती. एकेकाळी होती, चांगली जाडजूड लोखंडी. पण ती मास्तरांनी काढून नेली. का, तर ती सरकवली की हुबेहूब तुरुंगाची कडी वाजल्यासारखी वाजायची. आता ती बाहेरच्या खोलीत एका उभ्या फळीवर ठोकलेली होती, आणि त्या फळीतून कुणाला कुठेही जाता येत नव्हतं. घरात एक दार बिनकडीचं आणि एक कडी बिनदाराची, असा सगळा कारभार. काकू आंघोळीला गेल्या की दार लोटून घ्यायच्या, आतून भरलेली बादली टेकवायच्या आणि आत माणूस आहे हे कळावं म्हणून अधूनमधून खोकत राहायच्या. आता तुम्हीच सांगा, बाईमाणसाने आपल्याच घरात खोकत खोकत आंघोळ करायची, ही काय रीत झाली? पण सांगणार कुणाला? ज्याला सांगायचं त्याला ऐकू येत नव्हतं.

मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नाही. ते रेडिओ केंद्रात नाटकांसाठी, मालिकांसाठी आवाज काढायचं काम करायचे, म्हणून तिथे सगळे त्यांना आवाजमास्तर म्हणत. नोकरी संपली आणि ते सगळं सामान घेऊन घरी आले. सामान म्हणजे काय, तर घोड्यांसाठी करवंट्या, विजांसाठी पुरुषभर उंचीचा पत्रा, कडा ढासळायचा असला की कलती करायची खडीची पेटी आणि वटवाघळं उडवायला फाटके चामडी हातमोजे. आगीसाठी कुरकुरीत कागदाचा एक गठ्ठा वेगळाच, त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आणि तलवारींसाठी काकूंची उलथणी. नवं उलथणं घरात आलं की मास्तर आधी त्यावर टिचकी मारून बघायचे. नाद चांगला निघाला तर ते स्वयंपाकघरापर्यंत पोचतच नसे. म्हणून काकू दुकानातच एकेक भांडं वाजवून घ्यायच्या आणि जे बद्द वाजेल तेच पसंत करायच्या. दुकानदाराला वाटायचं, बाईंना भांड्यांतलं काडीचं कळत नाही.

ह्या सगळ्या पसाऱ्याच्या मुळाशी होती एक मालिका, ‘कप्तान आणि काळा कडा’. ती लागायची तेव्हा म्हणे रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. न्हावी गिऱ्हाईकाच्या अर्ध्या गालाचा फेस तसाच ठेवून कान टवकारून बसायचे, आणि गिऱ्हाईकही हूं की चूं करायचं नाही. गोष्टीत तसं पाहिलं तर होतं काय? एक कप्तान, त्याचा एक घोडा, एक नकाशा आणि एक कडा, ज्याच्यावर चढलेला माणूस परत येत नाही. दर आठवड्याला कुणीतरी कुठूनतरी पडायचं. बहुतेक वेळा नायिकाच. कड्यावरून, पुलावरून, विहिरीत, भुयारात. बाई सरळ चाललीय असं कधी झालंच नाही. ती पडली, कप्तान शोधायला निघाला की भाग संपला, आता पुढच्या आठवड्यापर्यंत बसा जीव मुठीत धरून. काकूंचं स्पष्ट मत होतं की त्या कप्तानाने पहिल्याच भागात तिला एक धड पादत्राण घेऊन दिलं असतं तर पुढची सगळी भानगड वाचली असती. पण लोक वेडे झाले होते, हे खरं. मास्तर म्हणायचे, पडद्यावर कडा दाखवला की तो जेवढा आहे तेवढाच. रेडिओवर ज्याला जेवढी भीती वाटेल तेवढा उंच. मी फक्त चार खडे टाकतो, कडा ऐकणाऱ्यानेच उभा करायचा. हे वाक्य काकूंनी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याची सुरुवात झाली की त्या उठून दूध बघायला जायच्या.

आता काकूंचा ह्यात काय संबंध, ते ऐका. नायिकेचं काम करणारी बाई गळ्याने गोड होती. इतकी गोड की किंकाळी मार म्हटलं तरी तिच्या तोंडून सूर निघायचा. बाई कड्यावरून पडतेय की झोपाळ्यावर बसलीय, काही कळायला मार्ग नाही. निर्माते मेटाकुटीला आले होते. काकू तेव्हा काकू नव्हत्या. केंद्रात नव्यानेच टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या आणि शेजारच्या खोलीत बसायच्या. त्या दिवशी लोखंडी कपाट लावताना त्यांचं बोट फटीत सापडलं आणि त्या ओरडल्या. अशा ओरडल्या की जाड भिंतींच्या त्या बंद स्टुडिओतसुद्धा माणसं जागच्या जागी थिजली. पहिले धावत बाहेर आले ते मास्तर, हातात करवंट्या तशाच. काकूंच्या बोटातून रक्त ठिबकत होतं. मास्तरांनी बोटाकडे बघितलंसुद्धा नाही.

“पुन्हा एकदा होईल का?” त्यांनी विचारलं.

आणि ह्या माणसाशी काकूंनी लग्न केलं. घरच्यांनी सुचवलेली दोन बरी स्थळं बाजूला ठेवून केलं. पुढे जन्मभर चिडचीड झाली की त्या स्वतःलाच विचारायच्या, बाई गं, त्या दिवशी तुझी अक्कल कुठे चरायला गेली होती? पण खरं सांगायचं तर तोवर त्यांचं काहीही कुणी पुन्हा मागितलं नव्हतं. सहा भावंडांच्या घरात त्या वाढलेल्या. तिथे “गप्प बस” हेच कानावर पडायचं. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना मोठ्याने ओरडायला सांगत होतं, आणि तेही हात जोडल्यासारखं.

मग दर आठवड्याचा नेमच झाला. काकू टाइप करता करता उठायच्या, स्टुडिओत जायच्या, निर्मात्यांनी बोट वर केलं की मास्तर खडीची पेटी कलती करायचे, खडे घरंगळायचे आणि शेवटचा खडा पडतो न पडतो तोच काकूंची किंकाळी सुटायची. एक अक्षर बोलायचं नाही. काम झालं की परत येऊन राहिलेली ओळ पुरी करायची. भागाच्या शेवटी निवेदक सगळ्यांची नावं वाचायचा. कप्तान कोण, नायिका कोण, लेखन कुणाचं, आणि घोडे, वादळ व इतर आवाज कुणाचे. घोड्यांचं श्रेय दिलं जायचं, पण काकूंचं नाव कधी आलं नाही. निर्माते म्हणाले, किंकाळी नायिकेची नाही हे कळलं तर ऐकणाऱ्यांचा विरस होईल. काकू म्हणाल्या, बरं. सणसणून बोलायला हवं होतं, पण म्हणाल्या बरं. मग आतेबहीण घरी येऊन त्या नायिकेच्या किंकाळीचं तोंडभरून कौतुक करून गेली, तेव्हाही त्या चहा गाळत गप्प राहिल्या. ते त्यांना लागलं ते लागलंच.

पुढे मालिका संपली, रेडिओचे दिवस गेले. जुन्या टेप पुसून त्यांवर दुसरं काहीतरी भरायचं ठरलं, तेव्हा मास्तरांनी साहेबांच्या हातापाया पडून ‘कप्तान’ची सगळी रिळं पोत्यांत भरून घरी आणली. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तिच्या खोलीत रिळं राहायला आली. आणि तेव्हापासून रोज सकाळी, नाश्ता झाला की मास्तर एक भाग लावून बसायचे. हळू आवाजात लावतील तर शप्पथ. कान कमी झाले होते ना. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं होतं, ते डबीत घालून खणात ठेवलेलं. का, तर म्हणे त्यातून घोडे पत्र्यावर चालल्यासारखे वाटतात. वर मास्तरांचं म्हणणं असं की मला सगळं नीट ऐकू येतं, माणसांचं बोलणं तेवढं मऊ लागतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बिजागरीला तेल हवंय हे ह्यांना घरबसल्या कळायचं, आणि समोर उभी राहून बायको सांगतेय की गॅस बंद करा, ते कळायचं नाही. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

इमारतीत तर काकूंचं नावच पडलं होतं, किंकाळीकाकू. लोक प्रेमाने म्हणायचे, पण म्हणायचे. खालच्या मजल्यावर शिंप्याचं दुकान होतं. तो मशीन चालवता चालवता वरच्या मालिकेकडे कान लावून असायचा आणि जिन्यात भेटला की म्हणायचा, काकू, आज भुयारात काय जबरदस्त ओरडलात हो. समोरच्या दारातली नर्सबाई रात्रपाळी करून सकाळी झोपायची. ती बिचारी कानांत कापूस घालून झोपायला शिकली होती. नवीन भाडेकरू आले की पहिल्या सकाळी घाबरून दार वाजवायचे. मग शिंपी त्यांना समजावून सांगायचा की घाबरू नका, ते रोजचंच आहे, काकू टेपवर पडतात. दुसऱ्या दिवसापासून कुणी दार वाजवायचं नाही.

हीच गोष्ट काकूंच्या जिवाला लागून राहिली होती. गुडघे दुखत होते, न्हाणीघरातली फरशी गुळगुळीत, घरात दोनच माणसं आणि त्यातलं एक बहिरं. एक दिवस त्यांनी मास्तरांच्या समोर खुर्ची ओढली, टेप बंद केली आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं की हे बंद करा, नाहीतर निदान हळू लावा. उद्या मी खरंच कुठे पडले आणि ओरडले तर ह्या अख्ख्या इमारतीतलं एक माणूस धावून यायचं नाही.

मास्तरांनी नीट ऐकून घेतलं. विचारही केला. मग म्हणाले, “अगं, खरं ओरडणं इतकं चांगलं नसतंच मुळी. खरं फार पचपचीत असतं. लोकांना फरक लगेच कळेल.”

काकू उठल्या आणि जाऊन भांडी घासायला लागल्या, घासलेलीच परत.

आणि झालंही तसंच. सकाळची वेळ. बाहेर मास्तरांनी भुयाराचा भाग लावलेला, शिंप्याचं मशीन खाली खडखडतंय. काकूंची आंघोळ झाली, कपडे घालून झाले, दाराची बादली बाजूला करायला वाकणार तोच पाय साबणावर पडला. कुठे धरायला मिळालं नाही. त्या कंबरेवर आपटल्या आणि डावा पाय आपला नाहीच असा वाकडा होऊन पडला. कळ अशी आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि काकू ओरडल्या. इतक्या वर्षांत मारली नव्हती अशी किंकाळी मारली.

बाहेरच्या खोलीतून मास्तरांचा आवाज आला. “वा! काय आवाज लागलाय!”

काकूंना आधी वाटलं आपण भलतंच ऐकलं. मग लक्षात आलं की हा माणूस टेपला दाद देतोय. दुखणं राहिलं बाजूला, संतापाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी “अहो” म्हणून हाका मारल्या. अहो, अहो, अहो. माणसाचा आवाज मऊ लागणाऱ्या माणसाला त्याचं काय? मग पुन्हा किंकाळी मारली. खाली शिंप्याचं मशीन थांबलं. काकूंना वाटलं, आला धावून. पण तो फक्त ऐकायला थांबला होता. जरा वेळाने मशीन परत सुरू झालं. नर्सबाईच्या कानांत कापूस होता. बाहेर कप्तान घोड्यावरून भुयाराकडे दौडत निघाला होता, दुसऱ्या बाईला वाचवायला. आणि ती दुसरी बाई तरी कुठली दुसरी होती? तीही आपणच की, काकूंच्या मनात आलं. टेपवरच्या आपल्याला वाचवायला घोडेस्वार निघालाय आणि इथे फरशीवरच्या आपल्याला कुणी कुत्रं विचारत नाही.

ओरडून उपयोग नाही हे त्यांना कळून चुकलं. पाय हलत नव्हता, अंगाखाली पाणी गार पडत चाललं होतं, आणि आता त्यांना खरीखुरी भीती वाटायला लागली. भाग संपला की मास्तर खुर्चीतच डुलकी काढायचे, जेवायला हाक मारेपर्यंत. आणि हाक मारणारी इथे पडलेली. हाताशी होतं काय, तर साबणाची डबी. काकूंनी ती उघडली. डबीचे दोन अर्धे दोन हातांत आले आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

त्यांनी घोडा सुरू केला. जन्मभर घरात करवंट्या ऐकलेल्या. चाल कुठली, दुडकी कुठली, दौड कुठली, सगळं हातात बसलेलं. डबीचे अर्धे फरशीवर आपटत त्यांनी अशी सुरेख दौड काढली की घोड्यालासुद्धा पटावी. काही झालं नाही. कारण बाहेर टेपवर मास्तरांचा घोडा दौडतच होता, आणि काकूंचा त्याच्याबरोबर बिनबोभाट मिसळून गेला. काकूंनी दातओठ खाल्ले. मग त्यांना आपल्या नवऱ्याची खरी ओळख आठवली. हा माणूस चांगलं ऐकून कधी उठत नाही. उठतो तो फक्त चुकलेलं ऐकून.

त्यांनी घोड्याचा एक पाय काढून घेतला. टप टप टप, आणि पुढे काहीच नाही. पुन्हा टप टप टप. मध्येच एक पाऊल जास्त घातलं, मग दोन एकदम, मग मुद्दाम ठेका सोडून एक उशिरा. जगात कुठलं जनावर असं चाललं नसेल. तशा अवस्थेतही काकूंना ते वाजवताना लाज वाटत होती.

बाहेर टेप खाडकन बंद झाली. खुर्ची सरकली. मास्तर तरातरा येताना ऐकू आले, तोंडाने काहीतरी पुटपुटत. त्यांनी दार ढकललं. कडी नव्हतीच, बादली आडवी झाली, पाणी सगळीकडे. मास्तरांचा चेहरा रागाने लाल झाला होता.

“चौथा पाय कुठाय?” ते म्हणाले, आणि मग त्यांना काकू दिसल्या.

काकूंनी पुढे लेकीला सांगितलं की त्या क्षणी मी ह्या माणसाला इतकं बोलणार होते, इतकं बोलणार होते. पण त्याचं तोंड बघितलं आणि राहूनच गेलं. मास्तर पाण्यात मटकन खाली बसले. काकूंचा हात धरला. मग उठले, जिन्यात जाऊन शिंप्याच्या नावाने असे ओरडले की तो गळ्यातली मापाची टेप सावरत दोन दोन पायऱ्या चढत आला, कारण मास्तरांचा आवाज मालिकेत कधी नसायचा. त्याने नर्सबाईचं दार बडवून काढलं. तिने काकूंचा पाय हलू न देता फळीला बांधला. कुठली फळी? तीच, तुरुंगाच्या कडीची. हॉस्पिटलात नेईपर्यंत गाडीच्या प्रत्येक धक्क्याला कडी वाजत होती.

शिंपी हॉस्पिटलात येऊन डोळे पुसत म्हणाला की काकू, मी ऐकलं होतं हो, मला वाटलं आज मास्तरांनी टेप मागे नेऊन परत लावली. काकू म्हणाल्या, जाऊ दे. दुसरं काय म्हणणार?

खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली. लेक आली, तिने बापाला चांगलं फैलावर घेतलं. मास्तर रोज दुपारी हॉस्पिटलात येऊन कॉटेपाशी बसायचे, कानात ते यंत्र घालून. काकूंच्या ते लक्षात आलं. माफी बिफी मागितली असती तर बरं वाटलं असतं. ती काही मागितली नाही. नुसतं विचारायचे, दुखतंय का, आणि उत्तर ऐकायला पुढे वाकायचे. सकाळी हे घरी काय करतात असं लेकीला विचारलं तर ती म्हणाली, दार लावून खोलीत बसतात, काहीतरी कापाकापी चाललेली असते.

काकू घरी आल्या त्या चालायचा चौकटीचा वॉकर घेऊन. न्हाणीघराला नवी कडी होती आणि भिंतीला धरायला दांडा. इतकंच नाही, मास्तरांनी इमारतीत घरोघर जाऊन सांगितलं होतं की ह्यापुढे आमच्या घरातून किंकाळी आली तर ती खरी समजायची आणि हातातलं काम टाकून यायचं. काकूंची कॉट बाहेरच्या खोलीत, टेपरेकॉर्डरच्या शेजारीच टाकली होती, कारण आतल्या खोलीत रिळं. म्हणजे आता रोज सकाळी कानाशी कप्तान. काकूंनी कपाळाला हात लावला.

लेक परत गेली. दुसऱ्या दिवशी नाश्ता झाला आणि मास्तरांनी दबकत विचारलं, लावू का थोडं? अगदी हळू? काकू म्हणाल्या, लावा. हॉस्पिटलाच्या त्या शांततेत पडून पडून त्या इतक्या कंटाळल्या होत्या की कप्तान तर कप्तान. पहिलाच कड्याचा भाग लागला. वारा सुटला, दूर घोडा खिंकाळला. आणि काय गंमत बघा, सगळं तोंडपाठ असूनही काकूंनी उशी पाठीशी सारली आणि कान दिला. कडा वर वर चढत गेला. नायिकेचा पाय निसटला, खडे घरंगळायला लागले, काकूंनी नकळत श्वास आत ओढला, शेवटचा खडा आला.

आणि एकदम नदीचं पाणी. मध्ये काही नाही. बाई पडली कधी, पोचली कधी, पत्ताच नाही.

“माझी कुठाय?” काकूंनी विचारलं.

मास्तर जरा खुशीतच बोलले. ते म्हणाले की काढून टाकली. ब्लेडने कापून, चिकटपट्टी लावून, एकूण एक रिळातून काढली. आता घोटाळा व्हायचा प्रश्नच नाही. कापलेले तुकडे कुठे आहेत विचारलं तर म्हणाले, ते काय ठेवायचेत, कचऱ्यात गेले.

आता ह्या माणसाला काय म्हणावं? आयुष्यभर एक आवाज कमी करायला सांगितला, तर तो केला नाही. आणि केलं तेव्हा हे.

“माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता. “तेवढी एक किंकाळी होती. ह्या जगात माझी म्हणून ठेवलेली तेवढीच एक गोष्ट होती, आणि तुम्ही ती कापून फेकून दिलीत.”

यंत्र कानात होतं. मास्तरांना सगळं ऐकू गेलं. ते टेप बंद करायलाही विसरले. टेपवर कप्तान नदीकाठी उभा राहून नायिकेला हाका मारत राहिला. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बोलणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं, ते त्यांना कधी जमलंच नाही. मग त्यांनी टेप मागे नेली, अंदाजाने थांबवली आणि पुन्हा लावली. वारा. घोडा. बाईचा पाय निसटला. मास्तर काकूंकडे वळले आणि निर्माते करायचे तसं त्यांनी एक बोट वर केलं.

काकूंनी तोंड फिरवलं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता, त्यांना ओरडायचं असलंच तर नवऱ्याच्या अंगावर ओरडायचं होतं. पण खडे घरंगळायला लागले. ते खडे ह्या माणसाच्या हातचे होते, आणि काकूंच्या छातीला त्यांची जन्माची सवय. काकूंनी श्वास भरून घेतला आणि शेवटच्या खड्यावर किंकाळी सोडली. हाड दुखलं, पण सोडली. खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि लगेच खालून नदी आली.

जिन्यात धडधड झाली. शिंपी आला, हातात कात्री तशीच. मागोमाग नर्सबाई, केस विस्कटलेले, एका कानात अजून कापूस. वरच्या मजल्यावरची माणसं आली, त्यांच्या पाठोपाठ ज्यांना काकू नावानेही ओळखत नव्हत्या तीही आली. दारात ही गर्दी. सगळ्यांना धाप लागलेली आणि सगळ्यांचे डोळे काकूंवर. कुणाच्या तोंडातून शब्द फुटायच्या आत मास्तरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. भाग संपत आला होता. निवेदक नावं वाचू लागला. कप्तान कोण, नायिका कोण, लेखन कुणाचं, घोडे, वादळ व इतर आवाज कुणाचे. तिथे मास्तरांनी टेप थांबवली, उभे राहिले, घसा साफ केला आणि निवेदकासारख्या भरदार आवाजात म्हणाले, “आणि किंकाळी,” आणि मग त्यांनी काकूंचं पूर्ण नाव घेतलं, माहेरच्या आडनावासकट.

दारातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग शिंप्याने कात्री काखेत धरून टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनीच वाजवल्या. काकूंनी पांघरुणाचं टोक डोळ्यांना लावलं.

मास्तर कॉटेवर टेकले. कानातलं यंत्र बोटाने नीट बसवलं आणि काकूंच्या कानाशी वाकले.

“जरा उशिरा सुटली,” ते म्हणाले. “पुन्हा एकदा होईल का?”

काकूंनी सगळ्यांसमोर कपाळावर हात मारला. ह्या माणसाच्या पुढे हात टेकले, त्या म्हणाल्या. मग दारातल्यांना म्हणाल्या की आता आलाच आहात तर बसा खाली, पण मध्ये कुणी खोकायचं नाही. आणि मास्तरांना म्हणाल्या, “लावा.”